फिल्म काळीच राहिली

गफारचाचा खोकायला लागले की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. आजारी नव्हते हो ते, चांगले ठणठणीत होते. पेशंटला खोकायचं कसं ते शिकवत असायचे. आमच्या नांदेडच्या लॅबमागं एक कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत पेशंटला उभं करायचं, तीनदा खोल श्वास घ्यायला लावायचा, आणि मग स्वतः असा काही पोटातून खोकला काढायचा की समोरच्याला आपोआप उबळ यावी. एकदा बिलोलीकडची एक म्हातारी आली, तिला तेलुगूशिवाय काही कळेना. चाचा तिच्यासमोर वाकून, "दग्गंडी अम्मा, दग्गंडी!" म्हणजे खोका आई, खोका, असं म्हणत खोकायला लागले. ती बिचारी थुंकीची डबी बाजूला ठेवून ह्यांचीच पाठ चोळायला लागली. वर मला हातानं खुणावतेय, ह्याला पाणी दे म्हणून. मी हसून हसून लोळायची बाकी राहिले होते.

डबी हातात आली की ती उजेडाकडं धरून आधी नुसती बघायचे. "ही लाळ हाय बाबा. लाळ मला नको, माल पायजे." पेशंट चिडायचे. चाचा चिडायचे नाहीत. पुन्हा कडुनिंबाखाली, पुन्हा तीन श्वास. पंचवीस-तीस वर्षं हा माणूस लोकांच्या छातीतला माल बघत बसला. मी चाकूरहून नवी नवी नोकरीला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला बेसिनपाशी पळावं लागलं होतं. चाचांनी लिंबाची फोड हातात दिली आणि म्हणाले, "डॉक्टर बाहेरून कान लावून बसतेत. आपल्याकडं तर आतलंच माणूस भेटायला येऊन राहिलं. नाक कामून मुरडायलीस?" माझं तोंड तसं फाटकं. मी म्हणाले, "तुम्हीच भेटा त्या माणसाला, मी रक्त-लघवी बघते." ते एवढे मोठ्यानं हसले की आमचे डॉक्टरसाहेब आतून बाहेर आले.

शिक्षण म्हणाल तर बारावी आणि लॅबचा डिप्लोमा. पण कुठूनकुठून जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्स आणायचे, डिक्शनरी मांडीवर घेऊन जेवणाच्या सुट्टीत वाचायचे. एक ओळ दोन-दोन दिवस चालायची. एकदा वाचता वाचता एकदम उठले, डबा तसाच उघडा टाकून लॅबभर फिरले. मला म्हणाले, "सुमन, आपल्याच पेशीच्या पोटात कात्री असते गं!"

आता हे मी तुम्हाला त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण मला कॉलेजात हे शिकवलं होतं आणि कळलं मात्र त्यांच्याकडून. छातीत जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडं धावतात. जंतूला धरतात, गिळतात आणि पोटातल्या कात्रीनं त्याचे तुकडे करतात. कात्री म्हणजे एक एन्झाइम, प्रोटीन कापणारं. पेशीच्या पोटात आहे तोवर ठीक. पण लढाई लांबली, पेशी मेल्या, त्यांची पोटं फुटली, की कात्र्या सगळ्या श्वासनळीत सांडतात. आणि सांडलेल्या कात्रीला आपलं-परकं कळत नाही. ती श्वासनळीची भिंत कापते. वर आणि पांढऱ्या पेशींच्या अंगावर जंतूला धरायच्या ज्या मुठी असतात, त्याही कापून टाकते. म्हणजे पेशी आहेत, जंतू समोर आहे, पण धरता येत नाही. चाचांचे वडील शिंपी होते. घरात कात्री जमिनीवर पडलेली दिसली की वडील जेवता जेवता उठायचे म्हणे.

हे सगळं ते एवढ्या जिवावर घेऊन का वाचत होते, ते मला नंतर कळलं. घरी भाभी होत्या, चाचांची बायको. मेहरुन्निसाभाभी. लहानपणी गोवरातून न्यूमोनिया झाला होता, तेव्हापासून त्यांच्या श्वासनळ्या फुगून ढिल्या पडलेल्या. कफ साचायचा, जंतू धरायचे, वर्षातून तीन-चारदा ताप, दवाखाना, सलाईन. दर वेळी फुप्फुसाचा आणखी थोडा भाग जायचा. एवढं असून बाई हसरी. दारात बसून ब्लाऊज शिवायच्या, गिऱ्हाइकांची थट्टा करायच्या, मधेच खोकायच्या, पुन्हा मशीन चालू. चाचांना एकच ध्यास, ह्या कात्रीचा अंदाज आधी लागला पाहिजे. ताप यायच्या आत.

आणि त्यांनी तो लावला. कसा, ते ऐका. पूर्वीचे एक्स-रे आठवतात ना, काळे, कडक फिल्मवाले? त्या फिल्मवरचा काळा थर जिलेटिनचा असतो, म्हणजे प्रोटीनच. चाचांनी कुठल्याशा जुन्या झेरॉक्समध्ये वाचलं, की ह्या थरावर कात्री पडली तर तो थर सुटतो. झालं! घरोघरी जाऊन जुने एक्स-रे गोळा करायला लागले. लोकांना वाटायचं, चाचांच्या डोक्यावर परिणाम झाला. रोज सकाळी भाभींच्या थुंकीचा एक थेंब फिल्मच्या पट्टीवर ठेवायचा, पट्टी अर्धा तास इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायची, मग नळाखाली धरायची. थर सुटून आरपार दिसायला लागलं, तर कात्र्या सांडल्यात, आजार उसळणार. जागा काळीच राहिली, तर सगळं शांत.

डॉक्टरसाहेब सुरुवातीला हसले. "गफार, ही काय टेस्ट झाली का? हा खेळ आहे." चाचा म्हणाले, "हाव साहेब, खेळच हाय." आणि करत राहिले. मग एका हिवाळ्यात पट्टीवर रुपयाएवढी जागा पार निघाली. भाभींना ताप नाही, काही नाही, मशीनवर बसलेल्या. चाचांनी त्यांना हाताला धरून डॉक्टरसाहेबांपुढं आणून उभं केलं. साहेबांनी तपासलं, काही सापडेना. चाचा जागचे हलेनात. शेवटी साहेबांनी वैतागून औषध लिहून दिलं. दुसऱ्याच दिवशी ताप आला, पण औषध आधीच पोटात होतं, दोन दिवसांत उतरला. त्या वर्षी भाभींना सलाईन लागलं नाही. साहेब नंतर स्वतःहून विचारायला लागले, "काय गफार, फिल्म काय म्हणते?"

भाभी मात्र वैतागल्या होत्या. मी घरी गेले की चहा ठेवता ठेवता सुरू व्हायच्या. "लोकांचे नवरे गजरा आणतेत सुमन, आमचे सकाळी उठून डबी आणतेत. आँख खुली नहीं की, थूको जी!" चाचा कोपऱ्यात खाली मान घालून बसायचे. "ये फिल्म मेरी सौतन है," असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. फिल्म उघडी पडली की चाचा कुठं जाऊ द्यायचे नाहीत. तीन लग्नं, एक बारसं, बहिणीच्या घरची एक ईद, सगळं ह्या पट्टीपायी राहिलं. भाभी भांडायच्या, रडायच्या, मग पुन्हा मशीनवर बसायच्या. चाचा मला लॅबमध्ये म्हणायचे, "मला तिला न्हाई म्हणायचा लई कंटाळा आला गं. एकदा तरी जा म्हणायचंय."

गेल्या वर्षी लातूरला भाभींच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. भाभींनी तिच्यासाठी स्वतः खडा दुपट्टा, म्हणजे नवरीचा हैदराबादी पेहराव, शिवला होता, महिनाभर खपून. आठवडाभर आधी त्यांचं अंग मोडून आलं, थोडा ताप, खोकला. फिल्म रोज उघडी. चाचांनी जायला नको म्हटलं. भाभींनी औषध घेतलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. जायच्या दिवशी सकाळी मात्र ताप नव्हता. खोकलाही कमी. चाचांनी सातच्या आत लॅब उघडली, थेंब ठेवला, अर्धा तास वाट पाहिली, नळाखाली धरली.

फिल्म काळीच्या काळी. एक कणही सुटला नव्हता.

मी नऊला लॅबमध्ये शिरले तर टेबलावर गरम जिलेबी. चाचा ह्या टोकाकडून त्या टोकाकडं फिरून राहिले होते. "सुमन, खा! बसवून आलो तिला लातूरच्या गाडीत. खिडकी मिळाली. मी उद्या जाणार. काय हसली सांगू, आवो, पोरीसारखी हसली!" पट्टी त्यांनी मला दाखवली. मी पाहिली. खरंच काळी होती. मी म्हणाले, "वा चाचा!" आणि दोन जिलेब्या खाल्ल्या. स्लाइड केली का, एवढं मी विचारायला हवं होतं. थुंकीची स्लाइड रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं ही तर आमची रोजची पोळी-भाजी. दुसऱ्या कुणाची डबी असती, तर चाचांनी स्लाइड केल्याशिवाय हात धुतले नसते. बायकोच्या डबीला त्या दिवशी त्यांना फिल्म पुरली. आणि मला जिलेबी पुरली. माझा मलाच एवढा राग येतो की काय सांगू.

साडेदहाच्या सुमारास डब्या टाकून द्यायला मी गोळा करायला लागले. भाभींची डबी हातात आली. पाण्यासारखा पातळ माल, जरा गुलाबट. रोजच्यासारखा घट्ट, पिवळा नाही. चाचांना न विचारता मी स्लाइड केली, रंगवली, खाली लावली.

गुलाबी काड्याच काड्या, जंतूंचं नुसतं शेत. आणि पांढऱ्या पेशी? एका ठिकाणी एक. सरकवलं, पुढं एकही नाही. पुन्हा सरकवलं, एकही नाही. कात्री सांडणार कुठून? कात्री आणणारं कुणी उरलंच नव्हतं. ताप नव्हता, कारण ताप आणायचीही अंगात ताकद नव्हती.

"चाचा, इकडं या," एवढंच मी म्हणाले. ते जिलेबीचा हात पुसत आले, डोळा लावला. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. पाठ हलायची थांबली. डोळा न काढताच म्हणाले, "कुनाचं हाय गं हे?" त्यांना माहीत होतं कुणाचं ते. मी भाभींचं म्हणाले तेव्हा ते खाली बसले, फरशीवरच.

भाभींना फोन लावला. घरीच वाजला, उशाला राहिलेला. गाडी कुठं आली असेल? अहमदपूर सुटलं असणार. मी चाकूरला माझ्या दादाला फोन केला. "स्टँडवर जा, नांदेड-लातूर गाडी अडव, आडवा पड पाहिजे तर. हिरव्या बुरख्यातल्या बाई आहेत, खिडकीशी." दादा शेतात होता, चिखलाच्या पायानं मोटारसायकल काढली. गाडी स्टँडवरून हलतच होती. त्यानं नंतर मला सांगितलं, "अगं, त्या बाई झोपल्यात असंच लोकांना वाटून राहिलं होतं. शेजारची बाई म्हणाली, लगीनघरची दिसती, थकली असंल. ओठ निळे पडलते." मांडीवर पिशवी होती, पिशवीत दुपट्टा. दादानं कंडक्टरच्या मदतीनं उतरवलं, ओळखीच्याची जीप केली आणि थेट लातूर.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात घशातून नळी घातली, श्वासाच्या मशीनवर ठेवलं. तिथले डॉक्टर चांगले होते. त्यांनी चाचांना बसवून सांगितलं, जंतूंचा मारा एवढा झाला की शरीराचा साठा संपला, रक्तातच पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत. औषध चालू आहे, पण नुसतं औषध पुरत नाही, ह्यांच्या स्वतःच्या पेशी आल्या पाहिजेत. चाचांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "नळीतला माल मला बघू द्याल का?" ते म्हणाले, तुम्ही कोण? "मी टेक्निशियन हाय साहेब. नवरा हाय आनि टेक्निशियन हाय."

मी सुट्टी टाकून दादाकडं चाकूरला राहिले, रोज सकाळच्या गाडीनं लातूरला जायचे. चाचांची लेक रुबीना लातूरलाच दिलेली, ती आईजवळ असायची. चाचा तिथल्या लॅबच्या दाराशी. तिथल्या टेक्निशियन बाई वयानं पोक्त होत्या. पहिल्या दिवशी नियम सांगितले, दुसऱ्या दिवशी स्टूल दिलं. भाभींची स्लाइड झाली की चाचांना बघायला बोलवायच्या.

दुसरा दिवस, पांढरी पेशी एकही नाही. चाचा स्लाइड सरकवायचे आणि ओठातल्या ओठात पुटपुटायचे. मला वाटलं दुवा मागतायत. जवळ गेले तर पेशींनाच बोलत होते, "या गं बायांनो, या. एक तरी या." ज्या पेशींच्या कात्रीला भिऊन ह्या माणसानं सगळं आयुष्य फिल्म धुतली, त्यांच्याच पाया पडत होता. तिसऱ्या दिवशी दोन दिसल्या. चाचांनी मला हाताला धरून ओढलं, "बघ, बघ, त्या कोपऱ्यात!" चौथ्या दिवशी सात-आठ. रक्तातला आकडाही हलला. डॉक्टर म्हणाले, बघू. एवढ्या 'बघू'वर चाचा चार दिवसांत पहिल्यांदा जेवले. रुबीनानं आणलेला डाळ-भात, उभ्या उभ्या.

त्या दुपारी त्यांना आत जाऊ दिलं. काचेतून मला दिसत होतं. भाभींचा हात धरून ते काहीतरी सांगत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मी बोललो तिला, मीच गाडीत बसवलं म्हणून. तुला काय वाटतं, ऐकू गेलं असंल?" मी म्हणाले, गेलं असेल. "न्हाई गेलं तर बरं गं. ती खुशीत निघालती." आणि तिथंच भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी आपली पाण्याची बाटली हातात धरून उभी.

आता चाचा लातूरला रुबीनाकडंच असतात. नांदेडच्या लॅबमध्ये परत आले नाहीत. डॉक्टरसाहेबांनी दोनदा निरोप पाठवला. माझा फोन ते उचलत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही आता लावत नाही. काय तोंडानं लावू? मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते पाचव्या दिवशी सकाळी, त्या लॅबमध्ये.

मी पोचले तेव्हा ते डोळा लावून बसले होते. माझी चाहूल लागल्यावर ओरडलेच, "आल्या सुमन! लई आल्या! बघ तरी!" मी वाकून पाहिलं. खरंच, स्लाइड भरून गेली होती. पेशीला पेशी खेटून, जंतूंवर तुटून पडलेल्या. मला एवढा आनंद झाला की मी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. टेक्निशियन बाईपण हसल्या.

मग चाचांनी माल बघायला मागितला. बाईंनी बाटली पुढं केली. लाल होती. नुसती गुलाबट नाही, लाल. चाचा तिच्याकडं बघत राहिले. भाभींची चाळीस वर्षं झिजलेली, पातळ झालेली छाती, आणि तिच्यात एकदम एवढ्या कात्र्या. जंतूंबरोबर त्यांनी आतली भिंतही कापली होती. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टर नंतर जे रुबीनाला सांगणार होते, ते ह्यांना तिथंच कळलं होतं.

"मीच बोलवल्या," ते म्हणाले. मी म्हणाले, असं नका बोलू चाचा. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा डोळा लावला.

आयसीयूकडून पळापळ ऐकू आली. रुबीना दारात येऊन उभी राहिली, ओढणीनं तोंड दाबून. "अब्बा, चलो. बुला रहे."

"रुक बेटा," चाचा म्हणाले. त्यांची बोटं स्लाइड सरकवत होती, एकेक केसभर. चार दिवस ह्याच बोटांनी पेशी कुठं जास्त आहेत ते शोधलं होतं.

"कुठंतरी कमी असतील," ते म्हणाले. "एखाद्या कोपऱ्यात तरी कमी असतील गं."

रुबीनानं पुन्हा हाक मारली. चाचांनी डोळा काढला नाही, स्लाइड पुढं सरकवली.